राज्याचा कारभार ताईंकडे सोपवा

राज्याच्या तिजोरीत खडखडाट आहे, असं हल्ली सत्ताधारी खासगीत आणि विरोधक जाहीरपणे सांगतात. अशा वेळी सुजाण नागरिकाने नुसतं हळहळत बसू नये, म्हणून काटकसरीचा एक प्रस्ताव आम्ही शासनदरबारी सादर करत आहोत. महिला व बालविकास सोडून बाकीची सगळी खाती बंद करावीत आणि त्यांचं काम अंगणवाडीच्या ताईंकडे द्यावं. दचकू नये. यातलं बरंचसं आधीच होऊन गेलं आहे, शासन निर्णय तेवढा निघायचा राहिला आहे.

निवडणुकीचंच काम घ्या. मतदार यादी दुरुस्त करायला पुष्कळ गावांत दारोदार कोण फिरतं? बीएलओ म्हणून नेमलेल्या ताई. करोनाच्या वर्षी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत घरोघरी ताप मोजायला कोण गेलं? आशाताई, आणि त्यांच्या जोडीला पुन्हा अंगणवाडीच्या ताई. कुटुंब आपलं, जबाबदारी त्यांची. मग 2024 चा पावसाळा आला आणि विधानसभेच्या तोंडावर शासनाला एकाएकी आपल्या लाडक्या बहिणी आठवल्या. दरमहा दीड हजार रुपयांसाठी कोट्यवधी अर्ज भरायचे होते. सेतू केंद्रापुढच्या रांगा बघून कुणाला तरी ताई सुचल्या. मान्य होणाऱ्या अर्जामागे पन्नास रुपये जाहीर झाले आणि बालवर्गाच्या सतरंजीवर आधार कार्डांच्या झेरॉक्सचे ढीग लागले.

निवडणूक पार पडली. 2025 उजाडल्यावर शासनाला शंका आली, की काही बहिणींच्या दारात चारचाकी उभी आहे. ती बघायला कोण? ताईच. महसूल, परिवहन आणि गुप्तवार्ता, तिन्ही खाती एका साडीत. ज्या जावेचा अर्ज आपण भरून दिला, तिच्याच अंगणात जाऊन ‘ही गाडी कुणाच्या नावावर गं?’ असं विचारायचं, आणि संध्याकाळी तिच्याकडेच विरजणाला दही मागायचं. परराष्ट्र खातं राज्याकडे नाही, ही आमची खरी खंत आहे. सीमेवरच्या वाटाघाटींना ताई मिळाल्या असत्या.

एवढं सगळं आटोपून वेळ उरला, तर ताईंनी अंगणवाडी चालवायची असते.

अंगणवाडी ज्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतली, ती 2 ऑक्टोबर 1975 ला देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात चौदा लाखांच्या आसपास अंगणवाड्या आहेत, एक लाखाहून जास्त एकट्या महाराष्ट्रात. सेवा सहा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक शालापूर्व शिक्षण. या सहांत आहाराचं वजन करता येतं, लसीचा डोस मोजता येतो, तपासणीचा रकाना भरता येतो. शालापूर्व शिक्षणाचं काय मोजणार? तीन वर्षांची पोर आज पहिल्यांदा वर्गात तोंड उघडून बोलली, याला रकाना नाही. त्यामुळे पर्यवेक्षिका येतात तेव्हा रजिस्टर उघडतात, आणि पोर तोंड उघडून बसलेली असते तिला ‘गप बस, मॅडम आल्यात’ असं सांगितलं जातं. चूक पर्यवेक्षिकेची नाही. तिच्यावर सीडीपीओ म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारी, सीडीपीओवर जिल्हा परिषद, तिच्यावर आयुक्तालय आणि आयुक्तालयावर दिल्लीचा डॅशबोर्ड. त्या डॅशबोर्डावर पोर बोलली काय आणि मुकी राहिली काय, आलेख सारखाच हिरवा.

मोजण्याचा हा सोस पूर्वी कागदावर भागत असे. मग मोबाइल आले. 2021 साली ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आलं, आणि आलं ते इंग्रजीतून. दहावी-बारावी झालेल्या बाईने धारणीत किंवा धडगावात बसून मेळघाटातल्या, सातपुड्यातल्या मुलांची उंची-वजनं इंग्रजीतून भरावीत, यामागे काही खोल शैक्षणिक विचार असणार. मराठीसाठी सेविकांच्या संघटनांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. फोनची तर कथाच वेगळी. दिलेले फोन तापायचे, अडकायचे, ॲप त्यांच्या पोटात मावायचं नाही. आणि दुरुस्तीचा खर्च ताईंच्या पदरातून. शेवटी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. सरकारी माल लोकांनी आपणहून परत करण्याचा हा प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात फार वेळा आला नसावा. त्याची नोंद भ्रष्टाचार निर्मूलन म्हणून व्हायला हवी होती, झाली ती शिस्तभंग म्हणून.

आता जुलै 2025 पासून चेहरा लागतो. घरी न्यायच्या आहाराचं पाकीट हवं, तर नोंदवलेल्या माणसाने कॅमेऱ्यापुढे यायचं, डोळे मिचकवायचे, आणि दिल्लीने ‘होय, हीच ती’ म्हटलं की पाकीट हातात पडायचं. आई रानात निंदायला गेलेली असते. आजी येते. आजीचा चेहरा गावाला सत्तर वर्षं ठाऊक आहे, ॲपला नाही. ताईच्या सासूची ती मैत्रीण, पण नेटवर्क तिला ओळखत नाही. मग ताई फोन वर धरून चिंचेखाली जाते, तिथून देवळाच्या पायरीवर, आणि मागून आजी, कडेवर नातू. गावातल्या नव्या माणसाला वाटावं की ही काहीतरी प्रदक्षिणा आहे. बनावट लाभार्थी पकडायला हे सगळं आहे म्हणतात. चांगलंच आहे. राज्यात कोट्यवधींची बिलं चेहरा न दाखवता निघतात, निदान सातूच्या पिठाला तरी आळा बसला.

त्या पिठाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. बालकामागे दिवसाला आठ रुपये, हा दर केंद्राने 2017 साली ठरवला. त्यात पाचशे कॅलरी आणि बारा ते पंधरा ग्रॅम प्रथिनं बसवायची. तीव्र कुपोषित बालक असेल तर बारा रुपये. म्हणजे चार रुपये जास्त मिळायला पोराने आधी बऱ्यापैकी खंगून दाखवायचं. टपरीवर कटिंग चहाला दहा रुपये पडतात आणि त्यात प्रथिनं फक्त माशी पडली तर. 2025 च्या अर्थसंकल्पात हे दर योग्य प्रमाणात वाढवू असं सांगण्यात आलं. योग्य प्रमाण म्हणजे किती, हे ठरवायला बसलेल्या बैठकीतल्या काजू-बिस्किटांना माणशी किती दर लागतो, ही माहिती मागवायची आमची इच्छा आहे. पण माहिती अधिकाराचा अर्जही बहुधा ताईंकडेच यायचा.

इथे थोडं मागे जातो, कारण ज्या राज्यात हे चाललंय तिथेच अंगणवाडीच्या कल्पनेची सुरुवात झाली. 1945 साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक शहरातली घडी बसलेली बालमंदिरं सोडून डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. बरोबर अनुताई वाघ. बालमंदिराचं साधनसाहित्य महाग आणि गाव गरीब, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं यांची साधनं केली. वाड्यावरची मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली. आधी अंघोळ, नखं, केसांतल्या उवा. मग गाणं, मग गोष्ट. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांची मुलं गुरं राखायला जात, तर शाळा कुरणात गेली. सरकारने हे सगळं मनापासून उचललं. शाळा अंगणात, साधनं फुकटातली, बाई दारोदार फिरणारी: यातला स्वस्ताईचा भाग एकही सुटू दिला नाही. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण देऊन बाकीचा भाग सन्मानपूर्वक मिटवण्यात आला.

आता गणित. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलं आहे, की मेंदूचा 85 टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहा वर्षांआधी होतो. वाक्य दिल्लीचं आहे, आमचं नाही. म्हणजे उरलेल्या पंधरा टक्के मेंदूसाठी वेतन आयोगाचा पगार घेणारे शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, शिक्षणाधिकारी आणि संचालक आहेत. पंच्याऐंशी टक्क्यांसाठी ताई आणि मदतनीस आहेत, आणि त्यांना मानधन. 2023 साली ते सेविकेला दहा हजार आणि मदतनिसांना साडेपाच हजार झालं, पुढे त्यात भर पडली. राज्यघटनेनेही हा तोल सांभाळला आहे. 2002 च्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहाच्या आतल्यांसाठी राज्य प्रयत्न करील. ते प्रयत्न अजून चालू आहेत.

ताई कर्मचारी आहेत का, यावर मात्र शासनाचं मत फार लवचीक आहे. पगार मागितला की त्या मानसेवी. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यांचं पद हे नागरी सेवेतलं पद नाही असं सांगितलं, तो निकाल सगळ्या राज्यांनी तोंडपाठ केला. 2022 साली त्याच न्यायालयाने, याच सेविकांना ग्रॅच्युइटी द्यावी लागेल आणि त्यांचं काम अर्धवेळ म्हणता येणार नाही, असं सांगितलं; ते पाठांतर जरा कच्चं राहिलं. पण संप म्हटला की चित्र बदलतं. मार्च 2018 मध्ये शासनाने ताईंना मेस्मा लावला, म्हणजे सेवा अत्यावश्यक ठरवली. विधिमंडळात गदारोळ झाला म्हणून त्याला स्थगिती मिळाली. डिसेंबर 2023 पासून त्या पुन्हा संपावर गेल्या, पन्नासएक दिवस बसल्या, तेव्हा सेवासमाप्तीच्या नोटिसा निघाल्या. जी नोकरी नाहीच, तिच्यातून काढून टाकण्याची ही करामत केवळ आपल्या प्रशासनालाच साधते.

शहरातल्या वाचकाला हे सगळं लांबचं वाटत असेल. त्याचं पोर सोसायटीखालच्या प्ले-ग्रुपमध्ये जातं, तिथे एलकेजीच्या शेवटी काळी टोपी आणि झगा घालून पदवीदान होतं आणि आईबाप रडतात. त्या घरात भांडी घासायला येणाऱ्या बाईंचं पोर कुठे असतं, हा प्रश्न पदवीदानाला कुणी विचारत नाही. अंगणवाडी दुपारी सुटते, बाईंची शेवटची दोन घरं उरलेली असतात. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, असा नियम 2017 साली आला. बाईंची सात घरं मिळून पन्नास माणसं भरली तरी तो लागू होत नाही. त्यामुळे पाच वर्षांची थोरली तीन वर्षांच्या धाकट्याला सांभाळते. बालविकासाची एवढी एकात्मिक योजना शासनालाही सुचलेली नाही. ताईचं स्वतःचं पोर कुठे असतं, तेही विचारू नये. सर्वेक्षणात तो प्रश्न नाही.

म्हणून पुन्हा प्रस्तावाकडे. सगळी खाती ताईंकडे गेल्यावर मंत्रालयातले साहेब रिकामे होतील, त्यांना वाऱ्यावर सोडू नये. त्यांना मानसेवी करून अंगणवाड्यांवर पाठवावं. मानधन द्यावं, तीन महिन्यांनी एकदा, निधी उपलब्ध झाल्यास. रोज सकाळी हजेरीसाठी चेहरा दाखवावा; सचिव दर्जाच्या चेहऱ्यावर सहसा हालचाल नसल्याने ॲपला अडचण येईल, तरी पापण्यांचा सराव यशदा या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत घेता येईल. ॲप मेळघाटातल्या कोरकू बोलीत असावं. दुपारचं जेवण आठ रुपयांत, कॅलरी मोजून. बदलीमुळे खंगलेल्यांना बारा. ‘सक्षम अंगणवाडी’ योजनेतून मिळणारा एलईडी पडदा त्यांच्याच ताब्यात द्यावा, म्हणजे वीज येईपर्यंत त्यावरची धूळ पुसणं हे निश्चित स्वरूपाचं काम राहील. वर्गात पंचवीस मुलं, त्यातलं एक रडतंय, एकाला शी लागलीय, एक चुन्याच्या डबीकडे निघालंय, आणि तेवढ्यात दिल्लीहून फोन: कालची वजनं अजून भरली नाहीत.

या प्रस्तावावर हरकती असतील, तर त्या लेखी स्वरूपात, तीन प्रतींत, आपल्या भागातल्या अंगणवाडीत द्याव्यात. ताई त्या ॲपवर चढवतील. आज मात्र जाऊ नये. आज त्या गाड्या मोजायला गेल्या आहेत.