चटईचे रेशनिंग

सरकारी मराठीने एवढ्या वर्षांत एकच शब्द प्रामाणिकपणे घडवला: चटई क्षेत्र निर्देशांक. मुंबईत माणसाच्या वाट्याला येते ती एक चटईच. सरकार चटई मंजूर करते, बिल्डर तिचे कार्पेट करून विकतो आणि आपण वीस वर्षांचे कर्ज काढून त्यावर सतरंजी टाकून पडतो.

ही चटई रेशनवर मिळते. 1964 च्या विकास आराखड्यासोबत हा निर्देशांक, म्हणजे एफएसआय, आला, तेव्हा नरिमन पॉइंटला तो साडेचार होता. पुढे शहर वाढले तशी चटई आखडली. 1991 च्या नियमावलीत शहराला 1.33, उपनगरांना 1. म्हणजे बोरिवलीत हजार फुटांच्या प्लॉटवर हजार फूट बांधा आणि गप्प बसा. 2018 मध्ये नवी नियमावली आली, पण मूळ आकडे तेच. चटई आखूड ठेवली की माणसे मुंबईत यायची थांबतील, असा हिशेब होता. माणसांनी नियमावली वाचली नाही. ती आली आणि झोपडीत राहिली. 2011 च्या जनगणनेत चाळीस टक्क्यांहून अधिक मुंबई झोपडपट्टीत सापडली.

मधल्या काळात नागरी जमीन कमाल धारणा कायदाही होऊन गेला. 1976 चा. मुंबईत 500 चौरस मीटरवरची मोकळी जमीन सरकार घेणार आणि तिथे गरिबांची घरे होणार. जमीनमालक कोर्टात गेले, जमिनींवर गवत वाढले. कलम 20 खाली सूट देण्याची सोय होती, त्यामुळे सुटीलाही भाव आला. केंद्राने 1999 मध्ये हा कायदा मोडीत काढला. महाराष्ट्राचा मोह सुटायला 2007 उजाडले.

आता गंमत पाहा. जादा चटई गटाराला, पाण्याला, लोकलला पेलणार नाही, असे सांगतात. कारण खोटे नाही. पण टीडीआर, म्हणजे दुसऱ्या प्लॉटचा बांधकाम हक्क, लोड केला, फंजिबल नावाची जादा चटई घेतली, प्रीमियमची, म्हणजे जादा चटईच्या सरकारी शुल्काची, पावती फाडली की तेच गटार रातोरात रुंद होते. आणि प्रीमियम ठरतो रेडी रेकनरच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराच्या, टक्क्यावर. जमिनीचा भाव चढला की तिजोरी भरणार. ज्याचे कमिशन महागाईवर चालते, त्या रेशन दुकानदाराने भाव उतरवावा म्हणून आपण रांगेत उभे आहोत.

‘एफएसआय वाढवा, घरे स्वस्त होतील’ हा बिल्डरांचा जपही अर्धाच खरा. चटई वाढणार अशी कुणकुण लागली की प्लॉटवाला आदल्या रात्रीच भाव वाढवून ठेवतो. ती सगळीकडे, एकदम आणि फुकट वाढली तर त्याला शेजारच्या प्लॉटवाल्याची भीती वाटेल. पण ती येते रस्त्याची रुंदी बघून, योजनेचे नाव बघून, फाइलचे वजन बघून.

2021 मध्ये सरकारने वर्षभर प्रीमियम निम्म्यावर आणला होता. ग्राहकाचे मुद्रांक शुल्क बिल्डरने भरायचे, एवढी अट. उरलेल्या सवलतीतून ज्याला चौरस फुटामागे रुपयाही कमी लागला असेल, अशा वाचकाने पावतीसह कळवावे. पुढच्या आठवड्याचे सदर त्याचे.