खजिनदार

गावच्या मंडळात तो कधीच खजिनदार नव्हता. वर्गणीचा हिशेब त्याच्या हाती द्यावा असं कुणाला वाटलंच नाही. तरी नारायणगावापासून घोडेगावापर्यंत त्याला ‘खजिनदार’ म्हणतात, कारण त्याच्याकडे यंत्र आहे. टोमॅटोला बाजार सापडला त्या वर्षी कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी बंगल्याचा स्लॅब टाकला. यानं मेटल डिटेक्टर मागवला. तेव्हापासून कानाला हेडफोन, कमरेला खुरपं आणि मागं मोबाइल धरलेला भाचा अशी ही स्वारी पहाटे मोहिमेवर निघते. ‘फिरायला’ म्हटलेलं त्याला चालत नाही.

‘जय शिवराय मित्रांनो’ इथून व्हिडिओ सुरू होतो. पहिल्यांदा वस्तू सापडते तेव्हा भाच्याचा कॅमेरा बहुधा भलतीकडे असतो. म्हणून सापडलेलं पुन्हा पुरायचं, वर पाचोळा टाकायचा, दहा पावलं मागं जायचं आणि मग चालत येऊन आश्चर्यचकित व्हायचं. हे आश्चर्य त्याला पहिल्या झटक्यात जमत नाही. एकदा पुरून ठेवलेलं बैलाचं घुंगरू दुसऱ्या खेपेला यंत्रालाही सापडलं नाही. ते अजून कुणाच्या तरी बांधात आहे. पुढच्या शतकात कुणी उकरलं तर त्याच्यावर प्रबंध होईल.

सापडलेल्या वस्तूंचं त्याचं वर्गीकरण सोपं आहे. गोल असेल ते शिवकालीन, लांबट असेल ते पेशवेकालीन आणि मोडकं असेल ते इंग्रजांनी मोडलेलं. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीचा गंजका वॉशर त्यानं शिवराई म्हणून पाऊण तास दाखवला. बैलगाडीच्या धावेचा तुकडा तलवार झाला. यात यंत्राचाही थोडा दोष आहे. ते जमिनीत चुंबकीय लहर सोडतं आणि धातूतून उलट येणारी लहर ऐकतं. पण गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी आणि सोन्याचा बारीक दागिना त्याला जवळजवळ सारखेच ऐकू येतात. तालुक्यात दवाखाने वाढल्यापासून त्याची सोन्याची आशा फार वाढली आहे.

पुरावे मात्र त्याला तोंडपाठ. चिखलीत मजुरांना सोन्याची 216 नाणी सापडली, हे तो दर रविवारी सांगतो. ती 2022 मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी जप्त केली, तिथं आल्यावर त्याला खोकला येतो. ‘छावा’ सिनेमा आला आणि 2025 च्या मार्चमध्ये बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या शिवारात माणसं टॉर्च घेऊन रात्रभर शेतं उकरत बसली, तेव्हा हा आठवडाभर हळहळला. “आपल्याकडं एवढा इतिहास, आणि लोकांना उत्साहच नाही!”

त्याला मी एकदा विचारलं, अरे, 1657 साली खुद्द महाराजांनी रात्री जुन्नरच्या तटाला शिड्या लावल्या आणि मोगलांचे तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले असं इतिहासकार लिहितात. त्यांनी झाडून नेल्यावर तुझ्यासाठी काय ठेवलं असेल? तो शांतपणे म्हणाला, “घाईत थोडं सांडलंच असंल की.”

सांडण्यावर त्याची अपार श्रद्धा आहे. नाणेघाटातला दगडी रांजण जकातीचा, असं सगळे सांगतात. याचं म्हणणं, रांजण काठोकाठ भरला की वरची नाणी घरंगळणार, आणि घरंगळलेलं नाणं उतारानं कोकणात जाणार. म्हणून तो रांजणाकडं पाठ करून दरीच्या बाजूला यंत्र फिरवतो. तिथून हाकेच्या अंतरावरच्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख भिंतभर कोरलेला आहे. केलेले यज्ञ आणि दिलेल्या गाई, हत्ती, नाणी यांचे आकडे त्यात ब्राह्मी लिपीत लिहिले आहेत. दोन हजार वर्षं उघड्यावर पडलेला हा खजिना त्यानं कधी धड बघितला नाही. दगड वाजत नाही, हे त्याचं कारण. लेण्याद्री वाजत नाही, तुळजा लेणी वाजत नाहीत, मानमोडीचा डोंगर वाजत नाही. बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी हजारो वर्षांपूर्वीची ज्वालामुखीची राख आहे, ती पाहायला परदेशातून माणसं येतात. तिथं यंत्रानं फक्त बाटलीचं बूच दिलं.

शिवनेरीवर तो जात नाही. एकदा गेला होता; पहारेकऱ्यानं यंत्राकडं बघून “हे काय, गवत कापायचं का?” विचारलं आणि ते मनाला लागलं. खरं तर संरक्षित स्मारकात उकरायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. नाणं मातीतून उपटलं की ते कोणत्या थरात, कशाशेजारी पडलं होतं हे कायमचं पुसलं जातं. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी जुन्नरला उत्खनन केलं ते माती खरवडून, थराथराची नोंद ठेवून. आमचा खजिनदार खुरप्यानं दोन हजार वर्षं दोन मिनिटांत पार करतो. त्याला आजवर खरोखर जुनं काही सापडलं नाही, ही इतिहासावर देवाची कृपाच.

कायदा त्याला मी समजावला. 1878 चा निखात निधीचा कायदा आहे: दहा रुपयांच्या वरचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, लपवलं तर वर्षभर तुरुंगवास होऊ शकतो. आपसात काही ठरलेलं नसेल तर सापडवणाऱ्याचे तीन हिस्से, जागामालकाचा एक. यातले ‘तीन हिस्से’ त्यानं भाच्याला लिहून घ्यायला लावले.

तेच गेल्या मे महिन्यात अंगाशी आलं. डिंभ्याचं पाणी उतरलं की धरणात गेलेल्या जुन्या आंबेगावाच्या खुणा उघड्या पडतात. तालुक्याला नाव या गावाचं, कचेरी घोडेगावात आणि गाव स्वतः पाण्याखाली. तिथं खजिनदार यंत्र फिरवत असताना काठी टेकत एक म्हातारी आली. बराच वेळ बघून म्हणाली, “तिथं काय हुडकतूस? ती मोरी हुती. हिकडं ये, चूल हितं हुती.”

यंत्र खणखणून वाजलं. वीतभर खाली लोखंडी उलथणं निघालं. भाचा नेमका या वेळी कॅमेरा धरून होता. खजिनदार आवाज चढवून म्हणाला, “मित्रांनो, हे बहुतेक निजामशाहीतलं शस्त्र—”

“सासूबाईंचं हाय. दे हिकडं.”

खजिनदारानं कायदा काढला. “आजी, सापडवणाऱ्याचे तीन हिस्से असतात.”

“दावलं कुणी?”

“तुम्ही. पण मालकाचा एकच हिस्सा, आणि जमीन आता सरकारची हाय.”

“सरकारनं जमीन घेतली. उलथण्याचे पैशे कुठं दिल्यात?” असं म्हणून म्हातारीनं उलथणं पदराला पुसलं आणि काठीनं पुढची जागा दाखवली. “आता तिथं लाव ते तुझं मशीन. माझा तवा बी हुता.”