सामासिक अंतर

शहरातल्या माणसांना सुखी कसं ठेवावं, यावर हल्ली मोठाल्या परिषदा भरतात, आणि बहुधा थंडगार सभागृहात भरतात. त्यातली एखादी मे महिन्यात, भर दुपारी, सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभ्याने भरवावी असं मला फार वाटतं. इथलं ऊन वसुलीला आलेल्या सावकारासारखं दारात ठाण मांडतं. त्याच्या साक्षीने सगळे ठराव एका दमात मंजूर होतील : पाणी द्या, सावली द्या, टेकायला जागा द्या.

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांना हे कोणत्याही सल्लागाराविना कळलं होतं. त्यांनी तळं खोदवलं आणि गावाच्या पंचक्रोशीत 68 लिंगं स्थापली. एवढ्यांचं दर्शन घ्यायचं तर चालावंच लागतं. नागरिकांना चालतं करण्याची इतकी गोड सक्ती दुसरी नसेल. त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज त्या वाटेने निघाले, की एरवी कोपऱ्यावरचं दूधही स्कूटरवरून आणणारे आमचे लोक गुडघ्यांना विसरून मागे चालू लागतात. याच सिद्धरामेश्वरांच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या, लग्नाचा अक्षता सोहळा होतो तोही संमती कट्ट्यावर. देवाचंसुद्धा इथे कट्ट्यावाचून भागत नाही.

माझी आजी याच सिद्धेश्वराच्या देवळात जायची. दर्शन पाच मिनिटांत आटपायचं. उरलेली सगळी संध्याकाळ तळ्याकाठी कन्नड, तेलुगू आणि मराठी अशा तिन्ही भाषांत सुनांचं एकच गाऱ्हाणं चालायचं. परतताना ती इतकी प्रसन्न असे, की आईला त्याचं श्रेय सिद्धेश्वराला द्यावं की स्वतःच्या निंदेला, हे कधी ठरवता आलं नाही.

2016 साली स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत आमचं नाव आलं. आम्ही हरखलो, उजनी धरणाच्या पाण्याने मात्र नळाला रोज यायचं काही मनावर घेतलं नाही. मला त्याहून कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत जवळची वाटते. विडी कामगार बायकांनी लढून मिळवलेली ती 10,000 घरं. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई उजेडासाठी दारात सरकते, समोरची तिच्याकडे पाहून सरकते, आणि तंबाखूच्या वासात दोघींचा दिवस सरतो. नकाशाच्या भाषेत घराबाहेरच्या त्या रिकाम्या पट्टीला सामासिक अंतर म्हणतात. अंतर कसलं, सगळं जवळ येणं तिथेच घडतं.

तेव्हा नगररचनाकार मंडळी, तेवढं अंतर जरा सढळ हाताने सोडा, त्यात एक कडुलिंब लावा, आणि त्याच्या पारावर ‘येथे बसू नये’ अशी पाटी कृपा करून लावू नका.