सवलतीच्या औषधांचा निवाडा करणाऱ्या छाननीयंत्रास अनावृत पत्र

अखंडितजागृत, सकलदावेनिवाडाकुशल, राजमान्य राजश्री छाननीयंत्र यांसी,
मुक्काम अमेरिकेतील एका इस्पितळाचे औषधदफ्तर,
कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

1992 साली अमेरिकेच्या काँग्रेसने असा कायदा केला की, ज्या औषध कंपन्यांना मेडिकेड या गरिबांच्या सरकारी विमायोजनेत आपला माल खपवावयाचा असेल, त्यांनी निर्धनांचा भार वाहणाऱ्या इस्पितळांना व दवाखान्यांना बाह्यरुग्णांची औषधे सूत्राने ठरलेल्या कमाल किमतीच्या आत विकावीत. हेच ते प्रख्यात कलम 340बी. त्याच्या सूत्राची करामत अशी की, हिशेबात किंमत शून्य निघाली तरी कंपनीस एक सेंट आकारण्याची मुभा असते. एवढ्या औदार्याच्या दारी पहारा हवाच, आणि तो आपण डोळ्यांत तेल घालून करीत आहात, याबद्दल आपले अभिनंदन करावे, हा या पत्राचा पहिला हेतू.

आपल्यापुढे आलेल्या प्रत्येक चिठ्ठीची चौकशी किती कसून होते! रोग्याच्या उपचाराची नोंद इस्पितळाच्या दफ्तरी आहे किंवा कसे, चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर तेथील पगारी नोकर आहे की अन्य कराराने बांधलेला, उपचाराची जबाबदारी अखेर कोणाच्या माथी, हे सारे आपण 1996 सालच्या सरकारी व्याख्येबरहुकूम तपासता. आपत्कालीन विभागात आलेल्या मनुष्यास टोचलेले औषध तो बाह्यरुग्ण आहे तोवर पात्र ठरते, आणि त्यास दाखल करून घेण्याचा हुकूम निघाला की त्याच औषधाची पुढची मात्रा अपात्र होते. मनुष्य तोच, दुखणे तेच, खाटही कित्येकदा तीच.

परंतु आपल्या प्रतिभेचा खरा विलास पाहावा तो करारबद्ध दुकानांच्या जमाखर्चात. इस्पितळाशी करार केलेला औषधविक्रेता रोग्यास आपल्या नेहमीच्या साठ्यातून गोळ्या देतो आणि विमा कंपनीकडून नेहमीचे दाम वसूल करतो. रोगी घरी जाऊन गोळी गिळतो, ती जिरते, क्वचित गुणही येतो. आणि त्यानंतर, लग्न लागून वऱ्हाड पांगल्यावर कोणी पत्रिका जुळवावयास बसावे त्याप्रमाणे, आपण त्या गोळीची पात्रता पडताळू लागता. ती पात्र ठरली, तर तिच्या अकरा आकडी संकेतांकाखाली नोंद पडते, आणि अशा नोंदी साचून पुरा डबा भरला म्हणजे सवलतीच्या दराने नवा डबा मागवून दुकानाची भरपाई होते. तात्पर्य, ज्या गोळीवर सवलत मिळाली ती गोळी सवलतीची नव्हतीच! खुद्द मोठ्या इस्पितळांतही सवलतीचे, सामायिक खरेदीसंघाचे आणि घाऊक भावाचे अशी तीन खाती निरनिराळी राखावी लागतात, व कोणत्या मात्रेचा खर्च कोणत्या खात्यावर टाकावयाचा याची रुजवात घालण्यात चांगल्या चांगल्या फार्मासिस्टांची उमेद खर्ची पडते.

एकाच औषधावर मेडिकेडचा परतावा आणि ही सवलत असा दुहेरी भुर्दंड कंपनीस पडू नये, याचीही आपण दक्षता घेता. कंपन्यांचे समाधान मात्र झालेले नाही. 2020 पासून कित्येकींनी करारबद्ध दुकानांच्या मालावर अटी लादल्या, आणि कज्जे न्यायालयांत गेले. 2023 मध्ये दक्षिण कॅरोलायनातील संघीय न्यायालयाने तर ‘रोगी’ या शब्दाचा सरकारने लावलेला संकुचित अर्थच एका दवाखान्याच्या फिर्यादीत अमान्य ठरविला.

असो. आता जी बाब आपल्या नजरेतून सुटली, किंबहुना जी पाहण्याचा अधिकारच आपणांस कोणी दिला नाही, तिच्याकडे वळतो. मोठ्या इस्पितळांपैकी बहुतेकांची पात्रता दाखल झालेल्या रोग्यांतील निर्धनांच्या प्रमाणावरून ठरते, आणि सवलत मात्र दाखल न झालेल्यांच्या औषधांवर मिळते; त्या दाखल न झालेल्या रोग्याचे उत्पन्न किती, हे व्याख्येत कोठेही विचारलेले नाही. लक्षाधीशाची चिठ्ठी पात्र ठरण्यास कोणतीही हरकत नाही. उलटपक्षी, खिडकीपाशी नाणी मोजीत उभ्या असलेल्या वृद्धेस त्या सवलतीतला एक सेंटही दिलाच पाहिजे, असे या कायद्याने इस्पितळावर बंधन घातलेले नाही. वाचलेल्या पैशातून आम्ही गरिबांसाठी सेवा चालवितो, अशी इस्पितळांची कैफियत असते, आणि ती सर्वथा खोटी नाही; कित्येक लहान दवाखाने रोग्याच्या ऐपतीप्रमाणे किंमत लावतातही. परंतु 2023 या एका वर्षात या सवलतीच्या दराने झालेली खरेदी 66 अब्ज डॉलरांच्या घरात गेली, आणि एवढ्या डोंगरातील कोणता खडा कोणाच्या पदरी पडला, हे सांगणारा रकाना आपल्या वहीत नाही.

सबब नम्र अर्ज असा की, त्या अकरा आकडी संकेतांकाशेजारी दोन लहान रकाने वाढवावेत: एकात रोग्याचे वार्षिक उत्पन्न, दुसऱ्यात त्याने खिडकीवर पदरचे मोजलेले दाम. अर्ज नामंजूर करावयाचा झाल्यास ‘डॉक्टरचा करार आढळून आला नाही’ असा शेरा मारावा, म्हणजे दफ्तराचा शिरस्ता मोडल्यासारखे होणार नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला अपात्र,
एक चिठ्ठीधारक