शून्य रुपयांचं तिकीट

अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरच्या दर गावात एक तरी नाना असतो. कुठे त्याला अण्णा म्हणतात, कुठे भाऊ. पण ओळखायला वेळ लागत नाही. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शेजाऱ्याचं वीजबिल, तिसऱ्याच कुणाच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि चेहऱ्यावर कलेक्टर आपल्यासाठी खोळंबलेत असा भाव. आपण निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली नसते.

आमच्या नानांची आधार कार्डावरची जन्मतारीख १ जून १९४७. खरा जन्म भाद्रपदातला. पण गुरुजींनी शाळेत नाव घालताना अर्ध्या गावाला जी तारीख वाटली, तीच यांच्याही वाट्याला आली. नानांना तिचा अभिमान आहे. कारण एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला सुटली ती १ जून १९४८ रोजी. "बरोब्बर एक वर्षानं धाकटी माझ्याहून," ते प्रत्येक नव्या कंडक्टरला सांगतात. "धाकट्या बहिणीनं भावाकडून भाडं घ्यायचं?"

बहिणीनं बरीच वर्षं पूर्ण भाडं घेतलं, पासष्टीनंतर अर्धं. मग देशाच्या अमृतमहोत्सवात, २६ ऑगस्ट २०२२ पासून, पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यात एसटी मोफत झाली. घरच्यांना वाटलं, नाना खूश होतील. नाना हिशेब करत बसले. पंच्याहत्तर पूर्ण झाली १ जूनला, सवलत आली ऑगस्टअखेर; मधली सगळी अर्धी तिकिटं त्यांनी परताव्यासाठी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहेत. अर्ज अजून दिलेला नाही. तो दिला की अलिबागला जायचं एक कारण संपेल, एवढं त्यांना कळतं.

कंडक्टरनं ओळखून "राहू द्या नाना" म्हटलं, तर ते नानांना खपत नाही. शून्य रुपयांचं का होईना, तिकीट हातात पडलं पाहिजे. "मी फुकट्या नाही, प्रवासी आहे."

ज्येष्ठांसाठी राखीव सीटवर एखादा कॉलेजकुमार कानात बोळे घालून बसलेला असतो. नाना त्याला उठवतात. नियम दाखवतात, पाटी दाखवतात, गरज पडल्यास आधार कार्ड दाखवतात. तो उठतो, आणि नाना तिथे बसत नाहीत! "मला बसायचं नव्हतं रे. हक्क रिकामा ठेवायचा होता." पुढे चौलपर्यंत ती सीट रिकामी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन पिढ्या उभ्या.

या उभं राहण्याला शास्त्राचा आधार आहे, हे नानांना अलीकडेच कळलं. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक निरोगी वार्धक्याला वाहिलं आहे, म्हणून १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला मुंबईहून एक तरुण तज्ज्ञ आले होते. पासष्टीपुढच्यांनी आठवड्याला किमान दीडशे मिनिटं अंग हलवावं, तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, फार वेळ एका जागी बसू नये, असं त्यांनी पटवून दिलं. पटवायला दीड तास लागला. तेवढा वेळ सगळे ज्येष्ठ प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. प्रश्नोत्तरांत नानांनी हात वर केला, "साहेब, ही नव्वद मिनिटं दीडशेतून वजा करायची काय?" तोलाच्या व्यायामाबद्दल मात्र त्यांना शंका उरली नाही. आक्षीपासून पुढच्या वळणांवर एका हातानं दांडी आणि दुसऱ्या हातानं अंड्यांचा ट्रे धरून उभं राहिलेल्या माणसाला तोल शिकवायचा नसतो.

पनवेलच्या मुलानं पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. नाना ते बांधून सुपारी सोलायला बसले. हात हलत होता, त्यामुळे जागचे न हलता त्यांची चार हजार पावलं झाली. मुलानं फोन करून शाबासकी दिली. नानांनी ती घेतली आणि यंत्राला कायमचं ओळखलं.

यंत्राशी त्यांचं जुनं वैर आहे. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्या महिन्यात नाना आळीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना घेऊन बँकेत जातात. वाडीत राबून झिजलेले अंगठे मशीनला कळत नाहीत. ती एकेकाला नाकारते आणि नाना काउंटरवर बाजू मांडतात, "हा जिवंत आहे. सकाळी माझ्याशी भांडलाय."

किनाऱ्यावर तर ते सरकारी खात्यासारखे वागतात. कुलाबा किल्ल्यात चालत कधी जायचं, असं पर्यटकानं विचारलं की नाना तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी? आठाची पाऊणपट सहा; सहाला भरती, बाराला सुकती. "पण आज भांग आहे, पाणी पुरतं हटायचं नाही. घोडागाडी करा." पर्यटकाचा फोन थोडी वेगळी वेळ दाखवतो. नानांच्या मते फोन मागे पडलाय.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं वाडी झोपवली. माड पडले, पोफळी मोडल्या. नानांनी त्र्याहत्तराव्या वर्षी नवी रोपं लावली. पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. शेजाऱ्यानं विचारलं, कुणासाठी लावता? "माझ्यासाठी," नाना म्हणाले. "पोरांना सुपारी मोजता येत नाही."

इतकं सगळं नाना करतात, म्हणून गावानं त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. सक्रिय वार्धक्याचा आदर्श, वगैरे. त्या वेळी नानी मागच्या पडवीत पांढऱ्या कांद्याच्या माळा विणत होत्या. त्याआधी शिंपणं, वालाचं बिरडं, नातवाचा डबा झालेला. त्यांच्या कामाला कुणी व्यायाम म्हणत नाही आणि वार्धक्यही नाही. ते नुसतं घरकाम असतं. मला तर वाटतं, त्या तज्ज्ञांनी मांडवाऐवजी या पडवीत तासभर काढायला हवा होता. माळ विणायलाही लावलं असतं त्यांना.

१७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा नाना नानींच्या वतीनं डेपोत गेले. नानींना ज्येष्ठ म्हणून अर्धं होतंच. आता बाई म्हणून त्याचं अर्धं मिळायला हवं, असा त्यांचा दावा. अर्ध्याचं अर्धं होत नाही, हे समजावायला डेपोला दुपार लागली. नानी घरी म्हणाल्या, "अहो, अर्ध्याचं राहू दे, आधी मला कुठे न्या तरी."

आता नानींनाही पंच्याहत्तर पूर्ण झाली. १ जूनलाच. त्यांनी पिशवी शिवून घेतली आहे आणि हरिहरेश्वरला जायचं ठरवलं आहे. नाना बरोबर येणार असतील तर येऊ देत, असं म्हणाल्या.

तर त्या बाजूच्या गाडीत ही जोडी चढली, तर कानातले बोळे काढून पटकन उठा. नाना बसणार नाहीत. नानी बसतील.