एका बोटाचा ब्रेक

ब्रेककाकांना 'सायकल कशी चालते?' असं विचारू नये. चालायचं काय, कुणाचीही चालते. 'थांबते कशी ते विचारा,' असं म्हणून ते तुम्हाला व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवतात आणि मग रात्रीच्या जेवणापर्यंतचा तुमचा वेळ त्यांचा.

असा एक काका प्रत्येक वस्तीत असतो. कुठे तो कॅमेऱ्याच्या लेन्स बदलत असतो, कुठे स्कूटरचे आरसे. ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात तो माउंटन बाइकचे ब्रेक बदलतो. आता जयेंद्रगंजात माउंटन शोधून सापडायचा नाही. चढ म्हणावा असा काय तो किल्ल्याचा, आणि तो उरवाई दरवाज्याच्या बाजूला. बाकी सगळा सपाट, गजबजलेला बाजार. पण काकांचा युक्तिवाद तयार असतो. 'डोंगरावर काय, वाट ठाऊक असते. इथे इंदरगंजच्या चौकात ई-रिक्शा कुठून येईल हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. त्यात मधोमध गाय. ब्रेक लागतो तो इथेच!'

घराण्याचा अभिमानही ते ब्रेकलाच जोडतात. दौलतराव शिंद्यांच्या फौजेने १८१० च्या सुमारास इथे तळ दिला, तो पुढे उठलाच नाही. तळाचंच शहर झालं आणि त्याचं नाव पडलं लश्कर. काकांचे पूर्वज त्या तळावर कारकून होते. 'मराठ्यांना दौडायचं कसं ते आधीच येत होतं,' काका सांगतात, 'थांबायचं कुठे ते लश्करात आल्यावर कळलं.'

त्यांच्या सायकलला आधी तारेचे डिस्क ब्रेक होते. चांगले लागत होते. पण तार ताणली जाते, नळीत धूळ शिरते, दर थोड्या दिवसांनी ती आवळावी लागते, या गोष्टींनी काकांची झोप उडाली. मग हायड्रॉलिक आले. त्यात तारेच्या जागी तेल. लिव्हर दाबली की तेल पुढे सरकतं, कॅलिपरमधले दोन पिस्टन दोन्ही बाजूंनी पॅड चकतीवर दाबतात, आणि पॅड झिजले की पिस्टन आपोआप तेवढे पुढे येऊन बसतात. 'तेल दाबलं तरी आकसत नाही, हवा आकसते,' काका तर्जनी उचलून सांगतात, 'म्हणून नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला की लिव्हर लिबलिबीत. एका बोटाने थांबली पाहिजे सायकल. एका बोटाने!' हे सांगताना ते तेच एक बोट समोरच्याच्या छातीवर टेकवतात आणि समोरचा खरंच थांबतो.

हायड्रॉलिकने समाधान झालं असतं तर ते काका कसले! आधीची चकती १६० मिलिमीटरची होती. ती १८० ची केली की त्याच दाबात साडेबारा टक्के जास्त जोर मिळतो, हा हिशेब त्यांनी एका मुंजीत पंगतीला बसलेल्या पाहुण्यांना मठ्ठ्याच्या वाटीची कड दाखवून समजावला. चकती मोठी म्हणून अडॅप्टर आला. अडॅप्टर आला म्हणून लांब बोल्ट आले. पुढे २०३ ची चकती घ्यायची होती, पण त्यांच्या फोर्कला १८० च्या वर परवानगी नाही. त्या दिवसापासून काका फोर्ककडे सावत्र मुलाकडे पाहावं तसं पाहतात.

रविवारी सकाळी व्हरांड्यात ब्लीडिंग असतं, म्हणजे नळीतली हवा काढून नवं तेल भरण्याचा विधी. सोवळं नसतं एवढंच. रबरी हातमोजे असतात. चाक काढायचं, पॅड काढून कागदात गुंडाळून लांब ठेवायचे, त्यांच्या जागी प्लास्टिकचा पिवळा ठोकळा सरकवायचा. लिव्हरवर छोटं फनेल बसवायचं, खाली कॅलिपरच्या निपलला तेलाची सिरिंज जोडायची. मग खालून तेल ढकलत जायचं आणि नळीवर पान्याच्या दांड्याने टक्‌टक् करत राहायचं. फनेलमध्ये बारीक बुडबुडे वर येऊ लागले की काकांचा चेहरा उजळतो. 'आला! अजून एक आला!' ते ओरडतात, आणि समोरच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या आजी दर वेळी 'कोण आलं?' म्हणून विचारतात.

काकांच्या ब्रेकमध्ये शिमानोचं मिनरल ऑइल लागतं आणि ते गुलाबी असतं. बाटली पहिल्यांदा घरात आली तेव्हा ती स्वयंपाकघरात गुलाबाच्या सरबताशेजारी ठेवली गेली. पुढचा अनर्थ एका चतुर नातवाने टाळला. त्यानंतर काकूंनी बाटलीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: 'हे पिऊ नये. हे यांचं आहे.'

हेच तेल संपलं म्हणून काका एकदा जवळच्या मोटरसायकलवाल्या मिस्त्रीकडे गेले. मी सोबत होतो. मिस्त्रीने ब्रेक पाहिला, मान डोलावली आणि फळीवरची बाटली काढली. 'अरे भाईसाहब, पल्सर वाला ऑइल डाल देते हैं. दो मिनट का काम है.' काका दोन पावलं मागे सरले. मोटरसायकलमध्ये डॉट जातीचं ब्रेक ऑइल असतं. ते मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये गेलं तर आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेकची वाट लागते. हे त्यांनी मिस्त्रीला सांगितलं. मग डॉट हवेतलं पाणी कसं शोषतं तेही सांगितलं. कोरडं डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ वर येते, आणि त्यात लश्करचा मे महिना धरला तर... इथवर मिस्त्रीने चहा मागवला होता. शेवटी तो म्हणाला, 'बाबूजी, आप ही दुकान पे बैठ जाइए.' काकांनी ते आमंत्रण समजून विचार सुरू केला. मी त्यांना दंडाला धरून घरी आणलं.

काका आणि काकूंचं खरं युद्ध होतं खंडेनवमीला. त्या दिवशी घरातल्या अवजारांची पूजा, हा काकूंच्या माहेरचा नेम. विळी, शिलाई मशीन, नातवाचा कंपास, सगळ्यांना हळदीकुंकू. काकांनी सायकलला झेंडूचा हार मंजूर केला, पण चकतीला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. 'बोटाचं तेलसुद्धा चालत नाही तिला!' त्यावर काकू म्हणाल्या, 'अहो, देवाला चालतं ते हिला चालत नाही?' आणि काका अंघोळीला गेल्यावर, निरांजनाच्या तुपाने माखलेल्या त्याच बोटाने, त्यांनी चकतीवर कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला.

दसऱ्याच्या सकाळी काका सोनं लुटायला निघाले. कोपऱ्यावर त्यांनी ब्रेक दाबला आणि जी किंकाळी उठली, तिने बाजारातली कबुतरं उडाली. पॅडमध्ये एकदा तूप मुरलं की ते जोर सोडतात आणि ओरडतात. आमच्याकडे जुन्या ग्वाल्हेर गायकीत मुरलेले एक गृहस्थ आहेत. ते खिडकीतून डोकावून म्हणाले, 'तीव्र मध्यम आहे, पण थोडा चढा लागतोय.' काकांनी पॅड सँडपेपरवर घासले, चकती स्पिरिटने पुसली, तरी दिवाळीपर्यंत काका येताहेत हे सगळ्यांना दोन गल्ल्या आधीच कळत होतं. शेवटी नवे पॅड आले. नव्या पॅडांना चकतीशी जमवून घ्यायला वेग धरायचा, मग ब्रेक लावून हळू व्हायचं, असं पुन्हा पुन्हा करावं लागतं. हे काकांनी रात्री रस्ता रिकामा झाल्यावर केलं. गस्तीच्या शिपायाने काही वेळ पाहिलं आणि विचारलं, 'अंकल, कुछ गिर गया है क्या?'

एवढं करून काका किल्ल्यावर किती वेळा जातात, हे विचारणं वाईटपणाचं आहे. जयेंद्रगंजात ते कुणी विचारत नाही, आणि त्यामागे केवळ सभ्यता नाही. काका जेव्हा नवं काही बसवतात तेव्हा जुनं कुठे जातं ते पाहा. तारेचे डिस्क ब्रेक नातवाच्या सायकलला लागले. १६० ची चकती त्याच्या मित्राकडे गेली. पहिला हायड्रॉलिक संच पेपर टाकणाऱ्या पोराच्या सायकलवर आहे, नव्या तेलासकट, आणि काकांनी तो स्वतः बसवून दिलाय. फुकट. 'माझ्याकडे पडून काय करायचंय?' म्हणाले. पावसाळ्यात हा पोरगा पहाटे ओल्या रस्त्यावरून जातो आणि खरोखर एका बोटाने थांबतो. किल्ल्याच्या उतारालाही सायकली नेतात ती हीच पोरं.

त्यामुळे काकांचं समाधान होऊ नये, अशी अख्ख्या गल्लीची मनोमन प्रार्थना असते. ती नुसती प्रार्थनेवर सोडलेली नाही. परवा संध्याकाळी तीन-चार पोरं व्हरांड्यापाशी घुटमळत होती. त्यातलं एक अगदी सहज म्हणाल्यासारखं म्हणालं, 'काका, दोनच पिस्टन आहेत ना तुमच्या ब्रेकला? चारवाले बघितले का?' काकांचा चष्मा कपाळावर गेला. आणि तेवढ्यात दुसरं पोरगं खाली वाकून, काकांच्या मागच्या कॅलिपरच्या दोन बोल्टांमधलं अंतर टेपने मोजत होतं.