शेजारधर्म : कलम पाच

लंडनमध्ये टुटिंग, वॉल्थमस्टोच्या गल्ल्यांत शंभराहून जास्त वर्षांची घरं एकमेकांना टेकून उभी आहेत. मधली भिंत सामाईक, माणसांचा संबंध मात्र नाताळच्या कार्डापुरता. मग कधीतरी घरात दुसरं मूल येतं, किंवा पुण्याहून आई-बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर यायचे असतात, आणि मालकाला माळ्यावर खोली काढायची सुबुद्धी होते. (गुडघे दुखणाऱ्या माणसांसाठी घरातली सर्वांत उंच खोली! पण ते असो.)

ओळीतल्या घराला वेगळी नियोजन परवानगी न घेता छपरावर एकूण ४० घनमीटर वाढवता येतात. अट अशी की रस्त्याकडच्या उतारावर डॉर्मर, म्हणजे छपरातून बाहेर काढलेली उभी खिडकी-खोली, काढायचा नाही. त्यामुळे घर पुढून व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं आणि मागून बंदरात उतरवलेला कंटेनर.

खरी मजा सामाईक भिंतीशी सुरू होते. माळ्याच्या लोखंडी तुळया त्या भिंतीत टेकवाव्या लागतात आणि त्यासाठी सामाईक भिंतींच्या १९९६च्या कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. लंडन १६६६ साली जळालं, तेव्हापासून हे शहर भिंतींच्या बाबतीत हळवं आहे. नोटीस मिळाल्यावर शेजाऱ्याने १४ दिवसांत लेखी होकार दिला नाही, तर कलम पाचनुसार वाद उत्पन्न झाला असं धरलं जातं. आपल्याकडे मौन म्हणजे संमती, तिथे मौन म्हणजे भांडण. बिचारा सुट्टीवर स्पेनला गेला असला, तरी इथे तो भांडत असतो.

भांडण ठरलं की दोघांनी मिळून एक सर्व्हेअर नेमायचा, नाहीतर दोघांनी दोन. दोन नेमले, तर त्या दोघांचं पहिलं काम म्हणजे तिसरा निवडून ठेवणं. त्यांच्यात मतभेद व्हायचेच, हे कायदेमंडळाने आधीच हेरलेलं! मग शेजाऱ्याच्या भिंतींवरच्या जुन्या तड्यांचे फोटो निघतात. ज्या तड्याकडे त्याच्या आजोबांनीही कधी पाहिलं नव्हतं, त्याची लांबी-रुंदी कागदावर चढते. हा सगळा खर्च बहुधा बांधणाऱ्याच्या खिशातून.

एवढं करून पहिला मालक काय करतो? डॉर्मरची बाजू सामाईक भिंतीवर न चढवता स्वतःच्या हद्दीत चार बोटं आत घेतो. म्हणे, कटकट नको. तुळयांसाठी नोटीस गेलेलीच असते. भिंत वर उचलण्याचं कलम त्याच कागदावर एका ओळीत मावलं असतं. तीन वर्षांनी शेजारी माळा काढतो आणि तोही अब्रूने चार बोटं आत सरकतो. दोन डॉर्मरच्या मध्ये आता वीतभर फट. हात आत जातो, माणूस जात नाही. पानं कुजतात, कबुतरं संसार थाटतात, आणि दोन्ही घरं हीटिंगचे पैसे खर्चून त्या कबुतरांना ऊब देतात. बाहेरून लावलेली कौलं एकदा निखळली की ती पुन्हा बसवायला कोणाच्या बापाला जमणार? मालकी विचाराल, तर फट दोघांची आणि साफसफाई कोणाचीच नाही.

भिंत आधीच वर उचलली असती, तर दुसऱ्याला तीच आयती मिळाली असती. अर्थात कायदा आयतं देत नाही. दुसऱ्याने पुढे ती भिंत वापरली, की त्याचा वाटा पहिल्याला द्यावा लागतो, आणि तोही बांधली त्या दिवसाच्या नव्हे, वापरायला घेतली त्या दिवसाच्या मजुरी-मालाच्या भावाने. लंडनमध्ये गवंड्याचे दर कोणत्या दिशेला जातात, हे सांगायला नको. थांबून पैसे वाचवणाऱ्या शेजाऱ्याला इतका गोड दंड दुसऱ्या कुठल्या कायद्याने केला असेल, असं वाटत नाही.

दोघांनी एकाच वेळी माळा काढला, तर परांची एक, भिंत एक आणि गल्लीत कचऱ्याचा डबाही एकच. त्यासाठी फक्त दोन शेजाऱ्यांना आपसात बोलावं लागतं, आणि अडतं ते तिथेच. दोन महिन्यांची नोटीस पाठवणं साहेबाला सोपं जातं; बेल दाबून ‘तुम्हीही माळा काढताय का हो?’ विचारणं अवघड. आपली मंडळी तिकडे जाऊन हे शिष्टाचार इतके पक्के शिकली आहेत, की शेजारी सातारचा निघाला तरी पत्र सर्व्हेअरमार्फतच जातं.

तेव्हा टुटिंगच्या मराठी वाचकांना एवढंच सांगणं : नोटीस जरूर द्या. पण आधी शेजारची बेल वाजवा, आणि चहा पिऊन उठण्यापूर्वी त्याचा होकार लेखी घ्या.